खिळे धरणारं तोंड

दातांच्या दवाखान्यात बसायला पाच खुर्च्या होत्या. थोरला भाऊ पहिल्या खुर्चीवर बसला, धाकटा पाचवीवर. नवखा माणूस आत आला असता तर त्याला वाटलं असतं, दोन अनोळखी पेशंट आहेत. फक्त बसण्याआधी दोघांनीही खुर्चीची गादी अंगठ्याने दाबून पाहिली, आणि दोघांनीही नाक मुरडलं. बापाने लावलेली सवय. बाप गेला, सवय राहिली, आणि सहा आठवड्यांपासून दोघांत तेवढीच काय ती शिल्लक होती.

दोघांचं काम एकच, सोफे आणि खुर्च्या. मोडक्या आणायच्या, सांगाड्यापर्यंत उघड्या करायच्या, आणि पुन्हा पट्टे, काथ्या, कापूस, कापड असं करत माणसाने बसावं आणि उठू नये अशा करून द्यायच्या. घराच्या खालीच गाळा. थोरला पट्टे ताणायचा, सांगाडा सांधायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा. धाकटा कापड चढवायचा आणि खिळे मारायचा.

आता खिळे मारण्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण धाकट्याचं खिळे मारणं बघायला लोक दारात थांबायचे. मूठभर बारीक खिळे तो दाण्यांसारखे तोंडात टाकायचा. मग आत जीभ काय करायची ते देव जाणे, पण एकेक खिळा डोक्याकडून ओठांवर यायचा, पुढच्या दातांशी क्षणभर उभा राहायचा, लोहचुंबकी हातोडीचं टोक तो टिपून घ्यायचं, आणि ठक. डावा हात सगळा वेळ कापड ताणायला मोकळा. एका श्वासाला एक खिळा. देवाने माणसाला जीभ दिली ती नाव घ्यायला. याची जीभ खिळे मोजायची, आणि तेही इतक्या भक्तीने की बघणाऱ्याने हात जोडावेत.

सहा आठवड्यांपूर्वी एका जुन्या आरामखुर्चीचे पट्टे ताणायचं काम चाललं होतं. धाकटा सांगाडा धरून वाकला होता, तोंडात अकरा खिळे. थोरला लाकडी दांड्याने पट्टा ओढत होता. या दांड्याच्या एका टोकाला लोखंडी काटे असतात. पट्टा त्यांत रुतवायचा, दांडा सांगाड्याच्या कडेवर टेकवायचा आणि सगळा भार टाकून खाली दाबायचा. पट्टा काट्यांतून निसटला. दांडा उसळून वर आला आणि धाकट्याच्या तोंडावर बसला.

धाकट्याने फरशीवर रक्त थुंकलं, खिळे थुंकले आणि वरचे पुढचे तीन दात थुंकले. थोरला पहिलं वाक्य काय बोलला?

"खिळे किती होते? मोज!"

धाकट्याने मोजले. अकरा भरले. एकही पोटात गेला नव्हता. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात एक वाक्य रुतून बसलं, की दात फरशीवर पडले होते आणि याला खिळ्यांची पडली होती.

दुसऱ्या आठवड्यात थोरल्याने पिना मारायची बंदूक आणली. हवेवर चालणारी. कोपऱ्यातलं यंत्र घरघरतं आणि फटाक-फटाक पिना बसतात. धाकटा जखमेवर कापूस दाबून दारातून बघत होता. त्याने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा सख्ख्या भावाला 'तुम्ही' म्हटलं.

"तयारीच होती म्हणायची तुमची."

"काम थांबलंय," थोरला म्हणाला. "गिऱ्हाईक तुझ्या दातांसाठी उभं राहणार आहे?"

भांडण वाढलं, आणि वाढता वाढता एका अटीवर येऊन थांबलं. धाकट्याने दात बसवून घ्यावेत. पूर्वीसारखे तोंडातून खिळे चालले तर बंदूक परत जाईल. नाही चालले तर धाकट्याने सांगाड्याजवळ यायचं नाही. कापायच्या टेबलाशी बसून कापड कापायचं, जे काम त्यांच्या बापाने गुडघे गेल्यावर केलं होतं. धाकटा म्हणाला, मंजूर. तीन दात मिळाले तर जागा मिळणार, नाही तर एकोणतीस वर्षांचा हात टेबलाशी. म्हणून तो दवाखान्यात आला होता. आणि थोरला का आला होता? वहिनींनी धाडला होता. "तुमच्या हातून झालंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "तुम्ही बरोबर जा. बोलू नका, नुसते जा."

थोरल्याला न बोलणं कधी जमलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सारलेल्या. त्यांनी धाकट्याला लांबट खुर्चीत आडवं केलं आणि विचारलं, "कसे पडले?"

"जिन्यावरून," थोरला दारातूनच म्हणाला.

हे घरून ठरवून आलेलं नव्हतं. धाकट्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगावं, तर भावाने भावाचे दात पाडले हे परक्या बाईपुढे येणार. खोटं सांगावं, तर याची सुटका होणार. तो गप्प राहिला, आणि आपण गप्प राहिलो याचाही राग त्याने भावाच्याच खात्यावर टाकला.

"काम काय करता?"

"दुकान आहे," पुन्हा थोरला.

डॉक्टरांनी टेबलावर तीन साचे मांडले. प्लास्टरचे पांढरे जबडे, प्रत्येकात दात बसवायची एकेक तऱ्हा.

"पहिली ही, काढघाल करायची कवळी. टाळूवर पातळ गुलाबी पत्रा बसतो, बाजूच्या दातांना तारेचे आकडे. आठवड्याभरात मिळेल. रात्री काढायची, धुवायची."

"सोफ्याचं सुटं कव्हर," थोरला म्हणाला.

"शिंक आली की समोरच्याच्या मांडीवर," धाकटा म्हणाला. तीन दातांच्या खिंडीतून त्याचे शब्द वाऱ्यासकट बाहेर येत होते.

"इतकी सैल मी करत नाही. दुसरा हा ब्रिज, म्हणजे पूल. दोन्हीकडचे शेजारचे दात चारी बाजूंनी तासायचे, त्यांच्यावर टोप्या, आणि टोप्यांना जोडलेले मधले तीन. कायमचा चिकटवलेला. तीन आठवडे."

"हाच करा," थोरला म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "दात कुणाला बसवायचेत?"

"त्यांनाच विचारा," धाकटा म्हणाला. "तोंड माझं असलं तरी मुखत्यारपत्र त्यांच्याकडे आहे." मग साचा हातात घेऊन त्याने तासलेल्या दातांवरून बोट फिरवलं. "शेजारचे दात चांगले असले तरी तासायचे?"

"तुमच्या एकाचा कोपरा उडालाय, त्याला तसंही टोपण लागेल. दुसरा मात्र ठणठणीत आहे."

"खुर्चीचा एक पाय मोडला म्हणून शेजारचा चांगला पाय तासणाऱ्या कारागिराला आम्ही दारात उभं करत नाही."

"आणि पाय मोडलेली खुर्ची चार-चार महिने दारात ठेवतोस, तेही सांग," थोरला म्हणाला.

"तिसरं," डॉक्टर जरा आवाज चढवून म्हणाल्या, "इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचा. तुम्हाला दोन पुरतील, त्यांवर तीन दात. शेजाऱ्यांना हात लावायचा नाही. पण हाडाने स्क्रूला धरेपर्यंत थांबावं लागतं. तीन-चार महिने. हाड कमी भरलं तर आधी भर घालावी लागते, मग आणखी. खर्चही सगळ्यांत जास्त."

धाकट्याचे डोळे जरा उजळले. "खिळा उपटलेल्या भोकात लगेच स्क्रू मारला तर फिरत राहतो. भोक भरायचं, मुरू द्यायचं, मग."

"अगदी तसंच."

"चार महिने!" थोरला पुढे आला. "चार महिन्यांत बंदुकीने दोनशे खुर्च्या होतात!"

डॉक्टरांच्या हातातला छोटा आरसा थांबला. "बंदुकीने?"

"पिना मारायची हो," थोरला घाईने म्हणाला. "पिना."

डॉक्टरांनी धाकट्याचं तोंड उघडायला लावलं, दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग वाकडं टोक असलेली सळई घेऊन खालच्या पुढच्या दातांच्या कडांवरून हळूच फिरवली. टक, टक, टक. सळई प्रत्येक दातावर अडकत होती.

"या खाचा कसल्या?"

धाकट्याने ओठ मिटले.

"शिंप्यांच्या दातांना पाहिल्यात, दोरा तोडून तोडून पडलेल्या. चपला शिवणाऱ्यांच्या पाहिल्यात. या जिन्यावरून पडून होत नाहीत."

"खिळे," धाकटा म्हणाला.

"किती वर्षं?"

"एकोणतीस."

डॉक्टरांनी तिन्ही साचे एका हाताने बाजूला सारले. "मग इतका वेळ मी कुणाला सांगत होते? दुकानदाराला? गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा आणि तुमचा वेगळा. पेशंट वेदना लपवतात, वय लपवतात. धंदा लपवणारे तुम्ही पहिले."

थोरला खिडकीकडे बघू लागला.

"बाई," धाकटा उठून बसला. त्याचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. "एकच सांगा. या तिघांतलं खिळे कोण धरेल?"

डॉक्टरांनी एक खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. कठोर बाई होत्या, पण कठोर बातमी उभ्याने देऊ नये एवढी माया त्यांच्याकडे होती.

"कवळीने टाळू झाकली जाते. तुमची जीभ खिळा टाळूवर दाबून ओळखते ना? मग ती आंधळी होईल. ब्रिजवरची चिनीमाती खिळ्याच्या माऱ्याने तडकेल, आज नाही तर वर्षाने. आणि इम्प्लांट मजबूत असतो, पण त्याला कळत नाही. खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये पातळ गादी असते, केसाएवढी. सगळं कळतं ते त्या गादीला. खडा आला, कचकच आली, खिळा कुठल्या बाजूने टेकला. स्क्रूला गादी नाही. तो हाडावरच बसतो."

"गादीशिवाय बैठक," धाकटा म्हणाला.

"हो. त्यामुळे खायला, बोलायला, हसायला तिन्ही चालतील; कुठलं किती ते तुम्ही ठरवा. खिळ्यांना एकही नाही."

"झालं!" थोरला म्हणाला. "ऐकलंस? आता डॉक्टरच म्हणाल्या."

वाईट होता का तो? नव्हता. पण सहा आठवडे आरोपी म्हणून जगलेल्या माणसाच्या बाजूने कुणी एक वाक्य बोललं, की त्याला आनंद लपवता येत नाही. तो आनंद त्याच्या आवाजात आला, आणि धाकट्याने तो ऐकला.

"हेच हवं होतं तुम्हाला. म्हणून सुटला दांडा."

"काय म्हणालास?"

"कान पण बसवून घ्यायचेत का? दांडा सुटला नाही. सोडलात. बंदूक आणायची होती, मी मध्ये होतो."

थोरल्याचा चेहरा साच्याच्या प्लास्टरसारखा झाला. "अरे, तुला पाठुंगळीला घेऊन वाढवला मी!"

"पाठीवर असायचो, म्हणून तोंड समोर दिसलं की चुकल्यासारखं होतं तुम्हाला."

"दोघांपैकी एकाने बाहेर जा," डॉक्टर म्हणाल्या.

दोघेही निघून गेले, वेगवेगळ्या दारांनी. एक दार औषधांच्या खोलीचं होतं. थोरला तिथून बाटल्या पाडून परत आला आणि कुणाकडेही न बघता बरोबर दाराने गेला.

घरी टेबलावर वहिनींनी धाकट्यापुढे दुधात भिजवलेला पाव ठेवला. हे जेवण सहा आठवडे चाललं होतं.

"यांना सांगा," थोरला म्हणाला, "की ब्रिज केला तर तीन आठवड्यांत मोकळा होईल."

"यांना सांगा," धाकटा म्हणाला, "की माझ्या तोंडाची काळजी करायची वेळ निघून गेली."

वहिनींनी डाव खाली ठेवला. "सहा आठवडे मी तुम्हा दोघांची टपालपेटी झालेय. आता तिकीट लावल्याशिवाय एक शब्द पोचवणार नाही. भावोजी, तुम्ही काय ठरवलंत ते मला सांगा. मला, यांना नाही."

"कवळी."

"ती टाळू झाकते म्हणाल्या ना डॉक्टर? यांनीच मला सांगितलं."

"आठवड्यात मिळते. अट दातांची होती. कुठल्या दातांची, ते ठरलं नव्हतं."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. दाताच्या डॉक्टरांना जे दिसलं नसतं ते त्यांना दिसलं, की हा माणूस जेवायला दात घेत नाहीये, जिंकायला घेतोय. पण भांडणाऱ्या पुरुषांच्या घरात बाईला कळतं पुष्कळ, बोलायचं थोडं असतं.

कवळी आली. पहिले दोन दिवस तोंडात कुणी पाहुणा मुक्कामाला आल्यासारखं झालं. पाणी प्यायलं तरी तो पाहुणा मध्ये. 'स' म्हणायला गेलं की शिट्टी यायची. आरशात मात्र माणूस पुरा दिसत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा खाली गाळ्यात उतरला, कप्प्यातून खिळ्यांचा डबा काढला, आणि थोरल्याला दिसेल असा मधोमध उभा राहिला.

थोरल्याने यंत्र बंद केलं. घरघर थांबली.

"डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"अट डॉक्टरांनी घातली नव्हती."

त्याने वीस खिळे तोंडात टाकले. गोल पाठीच्या खुर्चीची बैठक समोर होती, कापड वरून अंथरलेलं. डाव्या हाताने त्याने कापड ताणलं. आणि वाट पाहिली. पूर्वी वाट पाहावी लागत नसे. खिळा आपणहून यायचा, ओळखीच्या माणसासारखा. आता जीभ आत चाचपडत होती. टाळू होती तिथे गुळगुळीत भिंत. कुठला खिळा सरळ, कुठला उलटा, काही सांगता येईना. शेवटी एक ओठांवर आला, टोकाकडून. त्याने ओठांनीच तो फिरवला. हातोडीने टिपला. ठक.

थोरला नुसता बघत होता.

दुसरा बसला, तिसरा बसला. पाचव्या-सहाव्याला जिभेला जरा वाट सापडली आणि धाकट्याच्या खांद्यांतला ताठा सैल झाला. दहा. बारा. त्याने जाणूनबुजून वेग वाढवला, कारण बघणाऱ्याला दाखवायचं होतं. ठक, ठक, ठक. पंधरा. सतराव्याला ओठ फाटला, त्याने रक्त गिळलं. अठरा. एकोणीस.

मग काहीच आलं नाही.

त्याने जीभ फिरवली. डाव्या गालात, उजव्या गालात, जिभेखाली. तोंड रिकामं होतं. तो हातोडी धरून तसाच उभा राहिला, चेहऱ्यावर काही न दाखवता. ओठ मिटून त्याने मनात पुन्हा मोजलं. एकोणीसच घातले असतील. एकोणीसच घातले होते.

"वीस घातलेस," थोरला म्हणाला.

"एकोणीस."

"वीस घातलेस. एकोणीस लागलेत. तोंड उघड."

"नाही."

"अरे गाढवा, घशात जाईल. तोंड उघड म्हणतो ना!"

"लांब व्हा."

थोरला लांब झाला नाही. त्याने एका हाताने धाकट्याचा जबडा पकडला, लहानपणी त्याने माती खाल्ली की पकडायचा तसा, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं आत घातली. धाकटा कडाडून चावला. उरलेले सगळे दात लावून चावला. थोरला किंचाळला, पण बोटं काढली नाहीत. आकड्याला नख लावून त्याने कवळी खेचून बाहेर काढली. ती फरशीवर पडली, आणि तिच्या गुलाबी पाठीवरून एक खिळा टणकन उडून सोफ्याखाली गेला. इतका वेळ तो टाळू आणि कवळी यांच्यामध्ये आडवा होऊन बसला होता, आणि ज्या जिभेला कापसातला दोरा कळायचा त्या जिभेला याचा पत्ता नव्हता.

आवाज ऐकून वहिनी धावत खाली आल्या. थोरल्याच्या बोटातून रक्त गळत होतं, धाकट्याच्या ओठांतून. मध्ये फरशीवर दात.

"वा!" वहिनी म्हणाल्या. "एकाने दात घालवले, दुसऱ्याने उरलेले वापरले. आता शांती झाली असेल दोघांची." आणि कापूस आणायला वर गेल्या.

दोघेही एकाच उघड्या सांगाड्याच्या दोन कडांवर बसले. हरल्याचं धाकट्याला इतकं वाटत नव्हतं; तो खिळा आत असताना आपण 'एकोणीस' म्हटलं, आणि ते स्वतःला पटवलं, याची त्याला धास्ती बसली होती.

थोरला बोट दाबून धरत म्हणाला, "एकच घडी घातली होती मी."

धाकट्याने वर पाहिलं नाही.

"पट्ट्याची. काट्यांत रुतवण्याआधी दोन घड्या घालायच्या असतात. मी एकच घातली. दुपारी गिऱ्हाईक यायचं होतं, घाई होती. म्हणून निसटला. सोडला नाही मी." तो थांबला. "आता ठेव तुझ्या वहीत लिहून. कबूल केलं."

"दिसली होती मला."

"काय दिसली होती?"

"घडी. एकच घातलेली. तू रुतवत होतास तेव्हाच दिसली."

थोरल्याला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो बोट विसरून उठून उभा राहिला. "मग बोलला का नाहीस?"

"तोंडात अकरा खिळे होते."

"थुंकायचे!"

"थुंकले असते तर पुन्हा उचला, पुसा, भरा. म्हटलं, एवढी एक ओढ होऊ दे, मग सांगू."

"एक ओढ होऊ दे!" थोरल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "सात आठवडे मला खुनी ठरवलंस! डॉक्टरच्या दारात, परक्या बाईसमोर! जेवताना माझ्याकडे बघितलं नाहीस! आणि तुला दिसलं होतं?"

"तू जिना म्हणालास."

"जिना म्हणालो, कारण मला लाज वाटली! तुला कशाची वाटली?"

धाकट्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याएवढे दात त्याच्या मनालाही नव्हते. एकोणतीस वर्षं ज्या भरल्या तोंडाचं कौतुक झालं, त्याच भरल्या तोंडाने ऐन वेळी एक शब्द बाहेर येऊ दिला नाही, हे तो स्वतःशी म्हणायला तयार नव्हता. त्यापेक्षा भाऊ वाईट आहे हे म्हणणं सोपं होतं. आपण सगळेच असं करतो; देव आपल्या सगळ्यांचा हिशेब हसून घेत असेल.

वहिनी कापूस घेऊन आल्या तेव्हा दोघं पुन्हा गप्प होते, पण ही गप्प राहण्याची तऱ्हा वेगळी होती. जिभेवर काही अडवून धरलेलं नव्हतं. नुसते दमले होते.

दुसऱ्या दिवशी धाकटा एकटा दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी त्याचा फाटलेला ओठ पाहिला.

"घातलेत ना खिळे?"

"घातले."

"किती?"

"वीस. एक तुमच्या कवळीच्या पाठीमागे जाऊन बसला होता."

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. "घशात जाऊन बसला असता तर?"

"भावाने काढला."

"मग आता काय ठरवलंत?"

"स्क्रू बसवा. शेजाऱ्याला तासायचं नाही. हाड धरेल तेव्हा धरेल. घाई कशाचीच नाही आता."

"तोवर ही कवळीच वापरावी लागेल. आणि खिळे?"

"डब्यात."

गाळ्यात आल्यावर तो सरळ कापायच्या टेबलाशी गेला. अट म्हणजे अट. कात्री घेतली, पट्टी घेतली, निळं कापड अंथरलं आणि कापायला लागला. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, हा जन्मभर हेच करत आला असावा. थोरल्याने एक मोठा तीन माणसांचा सांगाडा एकट्याने उपडा केला, एकट्याने पट्टा लावला, आणि दांडा टेकवला. सांगाडा सरकला. त्याने गुडघ्याने अडवला. पुन्हा सरकला.

"धरायला कोण येणार?" तो भिंतीला म्हणाला. "बंदूक?"

"ठरलंय. मी कापायला."

"ठरलेलं खड्ड्यात घाल. सांगाडा सरकतोय."

"माझं तोंड चालत नाही म्हणून मला टेबलाशी बसवलंस ना?"

"तोंड नको आहे मला! हात पाहिजेत!"

धाकट्याने कात्री ठेवली. मुद्दाम सावकाश ठेवली. मग आला, सांगाड्याच्या पलीकडे वाकला आणि दोन्ही हातांनी कड धरली. त्याचा चेहरा दांड्यापासून हातभर मागे होता, आणि डोळे काट्यांवर.

"घडी," तो म्हणाला.

"घातलीय."

"एकच दिसतेय."

"दुसरी आत आहे."

"मला दिसत नाही. काढ, दाखव."

थोरल्याने दात-ओठ खात पट्टा काढला, दोन घड्या दाखवल्या, पुन्हा रुतवला. "झालं समाधान?"

"डावीकडे तिरका बसलाय."

"तोंडात खिळे होते तेव्हा बरा होतास तू."

"तेव्हा तुला बरा वाटत होतो."

"चार महिने हे असंच चालणार?"

"जास्तही लागतील म्हणाल्यात. हाडावर आहे." धाकट्याने कड घट्ट धरली आणि पाय रोवले. "सरळ कर आधी. हं. आता ओढ."

थोरल्याने सगळा भार दांड्यावर टाकला. पट्टा कुरकुरत ताणला गेला, आणि धाकटा डोळे न मिटता बघत राहिला.